मालवणात ग्लॉसी पेपर वापरायचा म्हणजे

गेल्या श्रावणात एक काकी फ्रेम घेऊन दुकानात आल्या. काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, फोटो काचेक चिकाटलो. आता ह्यो सोडवचो कसो?" त्यांच्या सासऱ्यांचा जुना कृष्णधवल फोटो मीच मोठा करून दिला होता, गणपतीत ओटीवर लावायला. मागचे खिळे काढून नखाने कोपरा उचलला. कागद आला, पण सासऱ्यांचा डावा गाल आणि अर्धी मिशी काचेलाच राहिली.

चूक माझीच होती. स्वस्तातला पेपर घेतला, प्रिंट काढली आणि दोन तासांत फ्रेममध्ये बसवली. बाहेर पाऊस, दुकानात दमट हवा, शाई सुकणार कधी? तेव्हापासून मी पाकिटावरचं नाव नंतर बघतो, आधी कोटिंग बघतो, म्हणजे शाई धरणारा वरचा लेप.

माझ्याकडे एपसनचा एल८०५ प्रिंटर आहे. सहा रंगांच्या टाक्या: काळा, सायन (निळसर), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा, शिवाय फिका सायन आणि फिका मजेंटा. सगळी शाई डाय, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कोटिंगच्या आत मुरतो, म्हणून चकाकी अखंड राहते. पिगमेंट शाईत बारीक कण असतात आणि ते वरच बसतात. शेजारच्या सायबर कॅफेतल्या टँक प्रिंटरमध्ये रंग डाय आहेत, पण काळा पिगमेंट. कॅफेवाल्याने साध्या कागदाच्या सेटिंगवर ग्लॉसी पेपर घातला आणि लग्नपत्रिकेतली काळी अक्षरं बोटाने पुसली गेली. पेपर बदलून दे म्हणत तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, पेपर राहू दे, सेटिंग फोटो पेपरचं कर. तसं केलं की तो प्रिंटर काळी टाकी बाजूला ठेवून इतर रंगांतून काळा बनवतो. पुसणं थांबलं. काळा जरा तपकिरीकडे झुकतो, पण पत्रिकेला चालतं.

आता पेपर. बाजारात १८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) जो स्वस्त ग्लॉसी मिळतो तो बहुतेक कास्ट कोटेड असतो, म्हणजे साध्या कागदावरच चकचकीत लेप. ओळखायला सोपं आहे: मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. मुरला तर कास्ट कोटेड. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर आरसी, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर. आरसीचा कोपरा फाडला तर ती पापुद्र्यासारखी फिल्म दिसतेसुद्धा. वरची बाजू कुठली ते ओल्या बोटाने कळतं, बोट किंचित चिकटतं ती छापायची.

कास्ट कोटेडला मी वाईट म्हणणार नाही. पासपोर्ट फोटो मी अजून त्यावरच काढतो. चार बाय सहा इंचांच्या कागदावर आठ बसतात, गिऱ्हाईक ते फॉर्मवर डकवून मोकळं होतं. फक्त त्यावर प्रीमियम ग्लॉसीचं सेटिंग लावू नका. त्या सेटिंगला प्रिंटर भरपूर शाई सोडतो आणि या पेपरला ती पेलत नाही. काळ्या केसांच्या जागी डबकं साचल्यासारखं दिसतं.

एपसनचा प्रीमियम ग्लॉसी, २५५ जीएसएम, माझ्या मशीनवर सरळ चालतो. काही जुळवाजुळव लागत नाही, कारण ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच पेपरसाठी बनलाय. कॅननचा फोटो पेपर प्लस ग्लॉसी २, २६५ जीएसएम, तोही याच सेटिंगवर चालवून बघितला. सुकतो झटकन, हाताला भरीव. चेहरे थोडे लालसर आले, पण एपसनच्या ड्रायव्हरला कॅननचा पेपर ठाऊक नाही, त्याला कोण काय करणार? मजेंटा थोडा कमी केला, प्रश्न मिटला. लग्नाच्या अल्बमला मी या दोघांतला जो हाताशी असेल तो वापरतो.

रोजच्या कामाला मुंबईहून येणारा २७० जीएसएमचा आरसी. पाकिटावरचं नाव दर खेपेला वेगळं, आतला पेपर बहुधा तोच. थेंबाची परीक्षा पास, किंमत परवडणारी. नवं पाकीट फोडलं की एक ठरलेला फोटो काढून बघतो: सोलकढीची वाटी. तो फिका गुलाबी जमला तर बाकी सगळं जमतं. कास्ट कोटेडवर हीच सोलकढी गुलाबाच्या सरबतासारखी आली होती.

एकदा पावसात कुरिअर अडकलं म्हणून दुसऱ्याच कुठल्यातरी शाईची बाटली भरली. तीच टाकी, तोच पेपर, आणि सोलकढी जांभळी. वर नोझल तुंबलं ते वेगळंच. हेड साफ करण्यात जेवढी शाई गेली तेवढ्यात खरी बाटली आली असती.

पावसाळ्यात उघडं पाकीट टेबलावर ठेवू नका. पेपर पापडासारखा वळतो, रोलर दोन-दोन ओढतो. मी सिलिका जेलच्या पुड्या घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. प्रिंट एक दिवस मोकळी सुकवतो, मगच लॅमिनेशन. आणि फ्रेमला आता पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे काच आणि फोटोमधली चौकट, असतोच, काच फोटोला टेकता कामा नये. काकींना तसाच नवा करून दिला, पैसे घेतले नाहीत.

आरसीवरची डाय प्रिंटही उघडी लावली तर समुद्राच्या वाऱ्यात आणि उजेडात तिचा रंग उडतोच. बंदराकडच्या खानावळीत थाळीचे फोटो बिनकाचेचे लावले होते, मे महिन्यापर्यंत बांगडा सुरमईसारखा पांढुरका झाला. आता तिथे लॅमिनेशन केलेलेच देतो. मालकाची तक्रार मात्र वेगळीच आहे, सोलकढी फिकी दिसते म्हणतो. अरे बाबा, असतेच ती तशी. "असांदे," तो म्हणतो, "मुंबैकारांका जरा लाल दाखय."