काटे जुळले होते, इंजिनं नव्हती

इंजिनांच्या या जोडीत गेलेली रक्कम आधीच सांगतो: सहा लाख वीस हजार. त्यातले चार पतसंस्थेचे, त्यावर व्याज अजून चालू आहे.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून आमच्या पर्यटकांच्या बोटी सुटतात. माझी फायबरची बोट 24 फुटी. तिच्यावरची जुनी दोन आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेली इंजिनं, थकली होती आणि पावसाळ्याच्या बंदीनंतरचा हंगाम तोंडावर आला होता. नव्या जोडीचे भाव ऐकून मी सेकंडहँडकडे वळलो. गोव्यातल्या एका एजंटाकडे साठ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक जोडी होती. "जोडीनंच घेतलेली, जोडीनंच चाललेली. तीनशे तास फक्त." सोबत मीटर, वायरिंग, रिमोट बॉक्स, सगळं. बोलणं इतकं गोड, की वर चहा पाजून त्याने दोन हजार कमी केले तेव्हा मलाच लाजल्यासारखं झालं.

ट्रायल मांडवीत झाली, त्याच्याच बोटीवर. बेतीहून सुटलो ते रेइश मागूशच्या किल्ल्याच्या दिशेने. बोटीत आम्ही तिघेच. दोन्ही इंजिनांना पूर्ण थ्रॉटल दिला, तर मीटरचे दोन्ही काटे मिनिटाला 5200 फेऱ्यांवर (आरपीएम), अगदी जुळ्या भावांसारखे. या इंजिनांनी पूर्ण थ्रॉटलला 5000 ते 6000च्या मध्ये फिरायला हवं, हे मला ठाऊक होतं. जीपीएसवर वेग 24 नॉट.

मी अगदीच अडाणी नव्हे. खिशातला कागद काढून हिशेब मांडला. आरपीएमला पंख्याच्या पिचने, म्हणजे एका फेरीत तो कागदावर जितके इंच पुढे सरकतो त्याने, गुणायचं, मग गिअर रेशोने भागायचं, मग 1215ने भागायचं, की नॉटमध्ये कागदावरचा वेग मिळतो. 5200 गुणिले 13 इंच, भागिले 1.85, भागिले 1215, म्हणजे साधारण 30 नॉट. पंखा पाण्यात पंधरा-वीस टक्के निसटतो, ते वजा केले की 24. हिशेब तंतोतंत जुळला आणि मी तिथल्या तिथे विसार दिला.

आदल्या दिवशी अमावास्या होती. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी, आणि आम्ही तिच्याच ओढीने समुद्राकडे चाललो होतो. त्या 24मधले दोन-अडीच नॉट मांडवीने फुकट दिलेले होते. परतताना एजंट म्हणाला, "आता सावकाश जाऊ, पेट्रोल कशाला जाळायचं?" मला ते शहाणपणाचं वाटलं. घरात तीन पिढ्या दर्यावर काढलेल्या माणसाने ओहोटीत, एकाच दिशेने वेग मोजला! वडील असते तर त्यांनी मला बोटीवरून खाली ढकलला असता.

देवबागला जोडी बसवली. पहिल्या रविवारी बारा पर्यटक घेऊन निघालो, तर बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर करून नुसती पाणी ढकलत राहिली. वेग 15च्या वर जाईना. शिवाय ती सारखी डावीकडे ओढायची, संध्याकाळपर्यंत माझा खांदा भरून आला. काटे मात्र बरोबरीने फिरत होते.

फोन केला तर एजंटाकडे उत्तर तयार. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात म्हणून ओढते, मागचा छोटा फिन वळवून घ्या. वळवला. थोडा फरक पडला, ओढ गेली नाही. मग म्हणाला, तुमची बोट जड आहे, इंजिनंही खोल बसली असतील. हे ऐकून मी दोष माझ्याच बोटीत शोधायला लागलो. व्ही आकाराच्या तळाला जोडी बसते ती मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, तिथे तळ वर चढलेला असतो, म्हणून उंची नीट मापावी लागते हे खरं. अख्खा दिवस मोडून दोन्ही इंजिनं एकेक भोक वर घेतली. फरक शून्य.

तिसऱ्या वेळी त्याने आपला मेकॅनिक पाठवला. मेकॅनिकने गंभीर चेहऱ्याने पंख्याकडे बोट दाखवलं: पिच जास्त आहे, 11चे बसवा. एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, हे कुठलाही मेस्त्री सांगेल. बसवल्यावर दोन्ही काटे 5600वर गेलेसुद्धा! दोन पंख्यांचे बावीस हजार मी आनंदाने मोजले. वेग होता तिथेच राहिला, पेट्रोल मात्र दिवसाला वीस-पंचवीस लिटर जादा जायला लागलं. या लोकांची एक गोष्ट मानायला हवी. ते सगळं खोटं बोलत नाहीत. दहा वाक्यांतली नऊ खरी असतात, म्हणून दहावं गळी उतरतं.

दिवाळीच्या गर्दीत शेवटी मालवणच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना बोटीवर बोलावलं. त्यांनी कशालाच हात लावला नाही. बाकावर बसून विडी ओढत म्हणाले, काटे जुळव. मी दोन्ही 3600वर आणले. आवाज घरघरत, एकमेकांत अडकत येत होता. मला वाटायचं जोडीचा आवाज असाच असतो. मग म्हणाले, आता मीटरकडे बघू नको, आवाज जुळव. उजवं हळूहळू उतरवत नेलं. एका जागी दोन्ही आवाज एक झाले, एकच इंजिन चालल्यासारखे. तेव्हा मीटर बघितले. डावा काटा 3600, उजवा 3000.

"कान खोटा बोलणा नाय," मेस्त्री म्हणाले, "काटो बोलता."

डाव्या मीटरची मागची बाजू उघडली. तिथे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा इवलासा सिलेक्टर असतो. मीटर इंजिनाच्या चार्जिंग कॉइलकडून येणारे ठोके मोजतो, आणि कॉइलला पोल किती ते त्याला या सिलेक्टरने सांगावं लागतं. आमच्या इंजिनाला 12. उजवा मीटर 12वर होता, डावा 10वर. म्हणजे डावा प्रत्येक आकडा सव्वापटीच्या जरासा आत, 1.2 पट करून दाखवत होता. मांडवीत 5200 दिसलं तेव्हा डावं इंजिन खरं 4350वर धापा टाकत होतं. सिलेक्टर आपोआप सरकत नाही, त्याला स्क्रू-ड्रायव्हर लागतो.

पुढचं सगळं तासाभरात उघड झालं. आधी एकेक इंजिन वर उचलून दुसऱ्या एकट्यावर बोट चालवली: उजव्यावर 9 नॉट, डाव्यावर साडेसहा. मग डाव्याचे प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, मोजलं. चार सिलिंडरांपैकी दोनांत 170च्या आसपास, शेजारच्या दोनांत 115 आणि 120. शेजारशेजारचे दोन एकदम पडले की मेस्त्री हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणाखालच्या पॅकिंगवर, बोट ठेवतात. उघडल्यावर तसंच निघालं, खाऱ्या पाण्याने धातू कुरतडलेला. शेवटी इंजिनांत नोंदलेले तास बघायला लॅपटॉप जोडला. उजवं 380 तास, त्यात माझेही आले. डावं 2140. जोडी नव्हतीच ती. एका बऱ्या इंजिनाला एक मेलेलं बांधून रंग आणि स्टिकर एकसारखे केले होते.

आजोबा बैलबाजारात जोडी घ्यायला जायचे तेव्हा दोन्ही बैलांचे दात वेगवेगळे बघायचे, आणि एकेकाला सुटं चालवून बघायचे. मी इंजिनांना एवढंही केलं नाही. पाच मिनिटं एकेकट्यावर बोट चालवली असती तर जीपीएसने सांगितलं असतं, त्याच्या मागे सिलेक्टर नसतो. जाऊन लगेच त्याच वाटेने परत पूर्ण थ्रॉटलने आलो असतो आणि दोन्ही वेगांची सरासरी काढली असती, तर मांडवीचं दान वजा झालं असतं. कॉम्प्रेशन गेज तर मालवणात कुणाकडेही मागून मिळतो. लॅपटॉप जोडू देणार नाही म्हणणाऱ्याकडून इंजिन घेऊच नये. आणि तिघांना घेऊन केलेली ट्रायल बारा माणसांच्या बोटीला काय कामाची? वाळूच्या गोणी भरून न्यायच्या होत्या.

एजंटाने फोन उचलला, एकदाच. शंभराच्या स्टँपवर "आहे त्या स्थितीत" लिहिलेलं आहे, वाचा म्हणाला. खरंच लिहिलेलं आहे. वकिलांचं म्हणणं, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा सहसा लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर 2019च्या कायद्यात सवलत आहे. मीटरचे आणि लॅपटॉपच्या स्क्रीनचे फोटो त्यांच्याकडे दिलेत.

उजवं इंजिन उत्तम आहे. डावं मेस्त्रींच्या पडवीत लाकडी घोडीवर उघडं पडलंय, पार्ट यायचेत. 13चे पंखे पुन्हा बसवायला काढून ठेवलेत.

गेल्या आठवड्यात निवतीच्या एका मुलाने फोन केला. त्याच एजंटाकडे आणखी एक जोडी आलीय, "तीनशे तास". शनिवारी बघायला जाणार म्हणाला. पंचांग काढून बघितलं तर शनिवारी पौर्णिमा. भांगाच्या दिवशी, पाण्याला ओढ कमी असते तेव्हा जा म्हटलं, आणि खिशात स्क्रू-ड्रायव्हर ने.