सोनी झेड ९०: शिवजयंतीपासून संमेलनांपर्यंतचा वापर

माझ्याकडचा सोनी पीएक्सडब्ल्यू-झेड ९० हा व्हिडिओ कॅमेरा (कॅमकॉर्डर) सेकंडहँड आहे. मॉडेल २०१७ साली जाहीर झालेलं, म्हणजे नव्यातलं मुळीच नाही. शिवजयंतीच्या आधी घेतला, आणि आता गावोगावची साहित्य संमेलनं उरकत आलीत. ऊन, खानापूरचा पाऊस, थंडी, सगळं त्यानं बघितलंय. बेळगावात लग्नाच्या ऑर्डरी घेणारे बहुतेक जण मिररलेसवर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या फोटो कॅमेऱ्यांवर गेलेत. 'काय ओ, अजून कॅमकॉर्डर?' असं तोंडावर विचारतात. होय की! त्यांच्याबरोबर दोन पोरं असतात, मी एकटा असतो. चित्र कुणाचं देखणं हा वाद घालतच नाही. शूटिंग चालू असताना माझे हात किती मोकळे राहतात, एवढंच मी बघतो.

ग्रंथदिंडी घ्या. सकाळी निघते, गल्ल्या फिरून येईपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि पाहुणे थेट मंडपाच्या सावलीत शिरतात. झेड ९० ला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, आतच आहे: १/४, १/१६, १/६४. चालता चालता बोटानं खटका सरकवायचा, बस्स. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, तेव्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा. तो चांगला आहे.

मंडपात खरी कसोटी आवाजाची. हँडलवर दोन एक्सएलआर (माइक-मिक्सरची वायर जोडायच्या जागा) आहेत, प्रत्येकाला लाइन, माइक आणि माइक + ४८ व्होल्ट (माइकला कॅमेऱ्यातून वीज) असा वेगळा खटका. एकात मिक्सरची लाइन घेतो, दुसऱ्यात व्यासपीठाजवळ उभा केलेला स्वतःचा माइक. मिक्सरचा आवाज स्वच्छ येतो, पण त्यात हशा नाही, टाळ्या नाहीत, 'वन्स मोअर' नाही. कविसंमेलन नुसतं त्यावर ऐकलं तर कवी रिकाम्या मंडपात वाचतोय असं वाटतं. शिवाय साउंडवाला जेवायला उठला की कुणीतरी हौशी मिक्सरवरचा मुख्य आवाजाचा खटका वर ढकलतो आणि लाइनचा आवाज फाटतो. तेव्हा दुसरा चॅनल तारून नेतो. (मिक्सरच्या लाइनवर चुकूनही ४८ व्होल्ट ठेवू नका.) कडोली असो की येळ्ळूर, कार्यक्रम सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. फोर-के १०० एमबीपीएसवर तासाला साधारण ४५ जीबी खातं, म्हणून भाषणं मी एचडीतच घेतो, ५० एमबीपीएस, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी. शटर १/५०, म्हणजे ट्यूबलाइट लुकलुकत नाही.

फोकसनं मला जिंकलं ते आनंदवाडीच्या आखाड्यात. २७३ पॉइंटांचा फेज डिटेक्शन (झटकन फोकस धरणारा) ऑटोफोकस आहे. कुस्तीत अडचण एकच: पैलवान खडाखडी करत फिरतात आणि पंच सारखे मध्ये येतात. मूळ सेटिंगवर फोकस पंचांच्या पाठीवर जाऊन बसतो. मेनूत विषय बदलण्याची संवेदनशीलता कमी करून ठेवली, की पंच आडवे गेले तरी फोकस जोडीवरच राहतो. घिस्सा डाव बसला, हलगी कडाडली, माती उडाली, तरी चित्र ढळत नाही. हे हातानं रिंग फिरवून मला जमलं नसतं, कारण रिंगच एक आहे: झूमला तरी वापरा, नाहीतर फोकसला. जुने, दोन-तीन रिंगांचे कॅमेरे वापरलेल्यांना याचा राग येणार.

रात्री मात्र जपून. सेन्सर एक इंची असला तरी वाइडला (झूम न करता) एफ २.८ असणारी लेन्स पूर्ण झूमला एफ ४.५ होते, म्हणजे उजेड अडीच पटीनं घटतो. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. रथांवर लख्ख दिवे, खाली लेझीमवाले अंधारात. लांबून झूम करून ओढायच्या भानगडीत पडू नका, गर्दीत घुसून वाइडवर घ्या. गेन (अंधारात चित्र उजळवणारं सेटिंग) १२ डीबीच्या वर गेला की दाणे मला सोसत नाहीत. फोनवर बघणाऱ्यांना ते कळतही नाहीत म्हणा. झूम १२ पट, मंडपाच्या मागच्या टोकाहून वक्त्याचा चेहरा भरायला अपुरा. फोर-केत सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढं जाता येत नाही आणि रंग ८ बिटच. एडिटिंगला बसून रंगांशी खेळणाऱ्यांनी दुसरीकडं बघावं.

बॅटरी एनपी-एफव्ही १०० ए घ्या, सोबत येणारी ७० ए भाषणांना पुरत नाही.

लग्न-बारशापुरता हवा असेल तर याचाच भाऊ एनएक्स ८० चालेल. त्याला एसडीआय (चित्र वायरीनं बाहेर काढायची सोय) नाही. लाइव्ह करणार असाल तर झेड ९०: एसडीआयची वायर फिरवून अडकते, कुणाचा पाय लागला तरी निसटत नाही. आणि सेकंडहँड घेताना सुटं होणारं हँडल आठवणीनं मागा, दोन्ही एक्सएलआरमध्ये माइक लावून हेडफोननं ऐका, मगच पैसे मोजा. हँडल नसेल तर एक्सएलआरही नाही.