पोटाचं डायलिसिस आणि साखर : वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, कारण असं काही वाचताना मी स्वतः पहिल्यांदा शेवटाकडेच पळते. मशीनवरच्या डायलिसिसपेक्षा पोटाच्या डायलिसिसवर, म्हणजे सीएपीडीवर, माझे दिवस बरे जातात. साखर मात्र पूर्वीपेक्षा जास्त छळते. ज्यांना मधुमेह नाही त्यांचे अनुभव वाचून निर्णय घेऊ नका. आपलं गणित वेगळं आहे.

माझा मधुमेह वीसेक वर्षांचा. इन्सुलिन चालू, दोन्ही डोळ्यांना लेझर झालेलं, पायाची बोटं बधिर. किडन्या गेल्यावर आधी मशीनच लागलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि आमच्या गावाहून सोलापूरला जायला एसटीने दोन तास. चार तास पडून राहण्याचं काही नाही, पडून राहता येतं. त्रास होता तो उठण्याचा. जुन्या मधुमेहात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडलेल्या असतात, त्यामुळे मशीनने पाणी ओढलं की बीपी धाडकन खाली. पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, कधी त्यातच साखरही उतरलेली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कुणाच्या कामाची नसे. आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसचे आणि तीन त्यातून सावरण्याचे, मग उरलं काय? त्यात शिरा बारीक आणि कडक झालेल्या, हातावरचा फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी ऑपरेशनने शिरा जोडून केलेली जागा, बंद पडला. तेव्हा डॉक्टरांनी पोटाच्या डायलिसिसचं नाव काढलं.

पद्धत थोडक्यात अशी. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून पिशवीतलं दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग काढून नवीन भरायचं. पोटाच्या आतलं अस्तरच गाळणीचं काम करतं. दिवसाला चार पिशव्या. काढणं-भरणं मिळून दर वेळी अर्धा-पाऊण तास लागतो. वीज लागत नाही, सुई लागत नाही, रक्त बाहेर येत नाही. पाणी दिवसभर हळूहळू निघत असल्यामुळे ते बीपीचं कोसळणं माझ्यापुरतं जवळपास संपलं. सोलापूरला आता महिन्यातून एकदा तपासणीला जाते.

शिकायला अवघड नाही, पण काटेकोर आहे. दार बंद, तोंडाला मास्क, हात घासून धुवायचे आणि पंखा बंद. ही शेवटची अट मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पाळून दाखवावी, मग बोलावं. उन्हाळ्यात एक फायदा एवढाच की पिशवी कोमट करावी लागत नाही, ती खोलीतच तापलेली असते. नळी जोडताना टोकाला बोट लागता कामा नये, आणि माझ्या डोळ्यांना ते टोक संध्याकाळच्या उजेडात नीट दिसत नाही. म्हणून संध्याकाळची आणि रात्रीची पिशवी आमचे हे लावतात. घरात चांगल्या नजरेचं, न कंटाळणारं एक माणूस नसेल तर मधुमेह्याने हा मार्ग धरताना दोनदा विचार करावा.

आता साखरेकडे येते. पोटात भरायच्या पाण्यात ग्लुकोज असतं, कारण शरीरातलं जादा पाणी ओढून घ्यायचं काम तेच करतं. दीड टक्क्याच्या दोन लिटर पिशवीत ३० ग्रॅम, अडीच टक्क्याच्या पिशवीत ५० आणि सव्वाचार टक्क्याच्या पिशवीत ८५ ग्रॅम. चार-सहा तासांत यातला मोठा हिस्सा रक्तात उतरतो. वीस वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायले, आणि आता ही साखर चहाला न विचारता थेट पोटात जाते! सुरुवातीच्या दोन महिन्यांत इन्सुलिन वाढवावं लागलं, वजन वाढलं, रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्सही वर गेले. पिशवीतच इन्सुलिन घालायची एक जुनी पद्धत आहे, पण पिशवीला जितक्या वेळा सुई टोचाल तितकी जंतू शिरायची संधी, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती नको म्हटलं.

रोज सकाळी वजन करायचं, घोट्यावर बोट दाबून सूज बघायची, बीपी मोजायचं आणि त्यावर आजच्या पिशव्या ठरवायच्या. कडक, म्हणजे जास्त टक्क्याची पिशवी घेतली की सूज उतरते आणि साखर चढते. साखरेला घाबरून सगळ्या हलक्या पिशव्या लावल्या तर पाणी साचतं आणि रात्री उताणं झोपवत नाही. मला वाटत होतं साखर आणि किडनी हे दोन आजार आहेत, दोन डॉक्टर आहेत, दोन फायली आहेत. पिशवी हातात घेतली की ते वेगळे राहत नाहीत. एक फायदा असा की मीठ कमी केलं की तहान कमी, पाणी कमी, म्हणून कडक पिशवीही कमी, आणि मग साखरही कमी. माझ्या इन्सुलिनचा डोस लोणच्यावर अवलंबून आहे हे मला कुठल्याही साखरेच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

उलट धोकाही आहे. कडक पिशवीच्या जागी हलकी लावली आणि इन्सुलिन तेवढंच टोचलं तर साखर उतरते. किडनी नसल्यामुळे इन्सुलिन शरीरातून लवकर जात नाही, त्यामुळे उतरलेली साखर बराच वेळ उतरलेलीच राहते. पिशवीची टक्केवारी आणि इन्सुलिनचा डोस एकाच वहीत, एकाच ओळीत लिहा.

रात्रीसाठी मला पुढे आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी दिली. ती मक्याच्या स्टार्चपासून बनते, ग्लुकोज नसतं, रात्रभर ठेवली तरी पाणी ओढत राहते. सकाळची उपाशीपोटीची साखर बरीच सुधारली. पण इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी. आयकोडेक्स्ट्रिनपासून रक्तात माल्टोज तयार होतं, आणि काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. जीडीएच-पीक्यूक्यू नावाच्या पद्धतीच्या पट्ट्या या त्यातल्या. खरी साखर ६० असताना मीटर भलताच मोठा आकडा दाखवू शकतो, मग माणूस इन्सुलिन टोचून घेतो आणि बेशुद्ध पडतो. पिशवी बंद केल्यावरही दोनेक आठवडे हा धोका राहतो. औषधाच्या दुकानात ‘कुठल्याही चालतील’ म्हणून पट्ट्या घेऊ नका, डब्यावरची माहिती डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर तिथल्या नर्सलाही हे सांगावं लागतं. माझ्या पर्समध्ये तशी चिठ्ठीच आहे.

एचबीए१सीवरही, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवरही, फार विसंबू नका. डायलिसिसवर तांबड्या पेशी लवकर मरतात, वर रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतात, त्यामुळे तो आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. माझा रिपोर्ट छान आणि वही वाईट, असं बरेचदा असतं.

जेवणाचं सांगायचं तर मशीनवर असताना पालेभाजी उकळून पाणी फेकायचं, बटाटा भिजत घालायचा, नारळपाणी नाही, केळं नाही. आता पोटॅशियम रोजच्या रोज निघून जातं. उलट मध्यंतरी ते कमी पडलं आणि डॉक्टरांनीच केळं खा म्हणून सांगितलं. मधुमेही बाईला केळं खायची परवानगी म्हणजे सणच. प्रथिनं मात्र पाण्यासोबत वाहून जातात, दिवसाला पाच-दहा ग्रॅम, म्हणून अंड्यातलं पांढरं रोज. माळकरी घरात त्यावरून काय काय झालं ते इथे लिहीत नाही. फॉस्फरस पोटाच्या डायलिसिसनेही फारसा निघत नाही, त्यामुळे शेंगाचटणी अजूनही बोटावर चाटण्यापुरतीच, आणि फॉस्फरस अडवणारी जेवणासोबतची गोळी चुकवायची नाही. पोटात दोन लिटर पाणी असताना भाकरी अर्धीच जाते. जुन्या मधुमेहाने पोट आधीच मंद झालेलं, त्यामुळे पोट रिकामं असताना, म्हणजे पाणी काढून घेतल्यावर, जेवते. बद्धकोष्ठ झालं की पाणी नीट उतरत नाही, तेव्हा त्याचं औषध डायलिसिसचाच भाग समजा.

परकराची नाडी नळीच्या जागेवर येते, म्हणून साडी आता लग्नकार्यापुरती, एरवी गाऊन किंवा सैल पंजाबी ड्रेस. वाकून रांगोळी काढवत नाही. पंढरपूरला जाऊन आले, लॉजवर पिशव्या लावल्या, दर्शनही झालं, पण चंद्रभागेत उतरायचं नाही. नदी, विहीर, टाकी, सगळं बंद. जाऊबाईंनी तांब्याने पायावर पाणी घातलं.

एकदा जंतुसंसर्ग झाला. निघालेलं पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ आलं, पोट दुखायला लागलं. आम्हाला शिकवलेलं होतं की पिशवीमागे छापील कागद धरायचा, अक्षरं दिसली नाहीत तर ताबडतोब निघायचं. पिशवीतून दोन आठवडे अँटिबायोटिक्स दिली. जंतू कुठून शिरले ते कळलं नाही. त्या दिवसांत साखर कशालाच दाद देत नव्हती. पोटाच्या डायलिसिसमधली खरी भीती ही आहे, आणि ज्यांनी ती पाहिली नाही त्यांची स्तुती जरा कमी धरावी.

तपासणीच्या वेळी केडीक्यूओएल-३६ नावाचा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. पाण्याचं बंधन, प्रवास, घरकाम, आपण कसे दिसतो, डॉक्टर-नर्सवर अवलंबून असणं, या सगळ्याचा किती त्रास होतो ते विचारतात. चांगले प्रश्न आहेत. साखरेचा एकही नाही. यांच्या झोपेचाही नाही, आणि रात्रीची पिशवी तर यांच्यावरच असते.

खर्च आमचा महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास जातो. मशीनचं डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत होतं, म्हणून हा फरक आधी पचवावा लागतो. केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६पासून आहे आणि पोटाच्या डायलिसिससाठीच्या त्याच्या मार्गदर्शक सूचना २०१९मध्ये आल्या, तेव्हा जिल्हा रुग्णालयात विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत. खोक्यांना जागा लागते. दिवसाला आठ लिटर म्हणजे महिन्याला जवळजवळ २४० किलो पाणी घरात येतं आणि पिशव्यांचं प्लास्टिक बाहेर जातं.

माझी लघवी अजून थोडी टिकून आहे, म्हणून चार पिशव्या पुरतात. ती आटली की पुरणार नाहीत, असं डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय. मग रात्री झोपेत पाणी बदलणारं मशीन घ्यावं लागेल आणि त्याला वीज लागते. आमच्याकडे रात्रीच्या विजेचा भरवसा नाही, तेव्हा बार्शीत इन्व्हर्टरचा भाव काढून आलोय.