एका तोंडाचा की दोन तोंडांचा? टाइप-सी फोनमधून आवाज बाहेर काढताना

नवा फोन घेताना कॅमेरा बघितला, बॅटरी बघितली, मुलाने सांगितलं म्हणून प्रोसेसरही बघितला. हेडफोनचं भोक आहे की नाही, एवढंच बघायचं राहिलं. घरी येऊन पिन हातात धरली आणि फोन चारही अंगांनी फिरवला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. २०१६ साली मोटो झेड आणि आयफोन ७ यांनी ते भोक बुजवलं, तेव्हा श्रीमंतांची थेरं म्हणून आम्ही हसलो होतो. आता पाळी आमची. चार्जिंगच्या टाइप-सी भोकाला हेडफोनची पिन जोडून देणारा कन्व्हर्टर शोधायची.

माझा वापर आधी सांगून टाकतो, कारण निवड त्यावरच ठरते. रोज अमळनेर ते जळगाव रेल्वेने ये-जा, कानात जुना वायरचा हेडफोन. शिवाय घरी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि भाऊबंदकीत कुणाचीही हळद, बारसं असलं की गाणी लावायचं काम माझ्याकडे येतं. त्यातली मोठी परीक्षा श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई ही देवी घरात बसते, सोमवारी सकाळी तिचं विसर्जन, आणि मधली रात्र जागवायची असते. बाया स्वतः गातात, फुगड्या खेळतात. त्यांचा घसा बसला की फोनवरच्या अहिराणी गाण्यांची पाळी. म्हणजे रात्री नऊपासून पहाटेपर्यंत फोन ॲम्प्लिफायरला जोडलेलाच.

दुकानात ‘टाइप-सी टू ३.५’ मागितलं (३.५ म्हणजे हेडफोनच्या पिनेची जाडी, मिलिमीटरमध्ये) की तीन जातीचे तुकडे समोर येतात आणि दुकानदार तिन्हींना कन्व्हर्टरच म्हणतो. पहिली जात अगदी स्वस्त, नुसती वायर. मी ६० रुपयांना घेतला. त्याच्यात काही नसतं. टाइप-सीच्या २४ टोकांपैकी ज्या दोन टोकांवरून एरवी डेटा जातो, त्यांच्यावरच फोनने डाव्या-उजव्या कानाचा तयार आवाज सोडावा, अशी त्याची अपेक्षा असते. काही फोन सोडतात, बरेच सोडत नाहीत. माझा सोडत नाही. माझ्या मेहुण्याच्या जुन्या फोनवर तोच तुकडा झकास चालतो, म्हणून त्यालाच देऊन टाकला. तुमचा फोन तसा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ६० रुपयांत काम झालं.

बाकीच्या दोन जातींत चिप असते. फोन आकडे पाठवतो, चिप त्यांचा आवाज करते. तिला डॅक म्हणतात. दुकानात चिप आहे की नाही ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तुकडा लॅपटॉपच्या टाइप-सीला लावून बघायचा. नुसत्या वायरवाला तिथे सहसा मुका राहतो, चिपवाला बोलतो. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

तेव्हा खरी निवड या दोघांतली. एक, छोट्या वायरीचा, फक्त हेडफोनचं भोक असलेला. दुसरा दोन तोंडांचा, एकात हेडफोन आणि दुसऱ्यात चार्जर. कुणालाही विचारा, दुसराच घे म्हणतील. मलाही तसंच वाटलं होतं. फोनला भोक एकच, रात्र मोठी, मग चार्जिंग नको का? ३५० रुपयांचा दोन तोंडांचा घेतला आणि रुबाबात घरी आलो.

रेल्वेत त्याने कधी त्रास दिला नाही, हे आधी कबूल करतो. आवाज स्वच्छ होता. थोडा जाडजूड असल्याने खिशात टोचायचा, तेवढंच. ॲम्प्लिफायरला मात्र जोडला आणि चार्जर लावला की गाण्याच्या मागे बारीक ‘घूं’ सुरू. चार्जरमधून आलेली विजेची गळती ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी गाठ घालते, त्यातून तो आवाज निघतो. अंगणातल्या गलक्यात तो कुणाला ऐकू येत नाही. चार्जर दुसऱ्या बोर्डावरून काढून ॲम्प्लिफायरच्याच बोर्डावर लावला, तर कमीही झाला. ते मी निभावून नेलं.

निभावता आलं नाही ते पुढचं.

आमच्याकडे श्रावणात लाइट जाते, हे काही नव्याने सांगायला नको. पाऊस पडला तरी जाते, नाही पडला तरी. म्हणून ॲम्प्लिफायरला मागून बारा व्होल्टची बॅटरी लावून ठेवलेली असते. लाइट गेली की तो आपसूक बॅटरीवर जातो, गाण्यात खंड पडत नाही. म्हणजे जुन्या फोनवर पडत नव्हता. कानबाईच्या त्या रात्री साडेअकराला लाइट गेली. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा चालू, बॅटरी चालू, आणि गाणं बंद. अंगणात फेर धरलेल्या तीस-चाळीस बाया जागच्या जागी थांबल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मोठी माय ओट्यावरून म्हणाली, “काय व्हयनं रे भाऊ?”

मी अंधारात वायरी चाचपल्या. सगळ्या जागेवर. फोन उघडला तर गाणं थांबवलेलं. परत लावलं, फेर सुरू झाला. पाच-सात मिनिटांनी लाइट आली आणि गाणं पुन्हा बंद! मोठी माय पुन्हा, “आते काय व्हयनं?” त्या रात्री लाइट चारदा गेली आणि चारदा आली. आठ वेळा तो प्रश्न झाला. शेवटच्या वेळी तिने विचारलंही नाही, नुसतं बघितलं.

कारण मला दुसऱ्या दिवशी उमगलं. दोन तोंडांच्या तुकड्यात चार्जर चालू असताना चिपला वीज चार्जरकडून मिळते. चार्जर मेला की फोनने झटकन ती जबाबदारी घ्यायची असते. त्या अदलाबदलीत माझ्या तुकड्यातली चिप क्षणभर बेशुद्ध पडते. फोनला वाटतं, हेडफोन उपटला. आणि हेडफोन उपटला की गाणं थांबवायचं, हा अँड्रॉइडचा जुना शिरस्ता. भर सभेत फोनचा स्पीकर कोकलू नये म्हणून. शिरस्ता चांगला आहे. गाणं परत लावायला मात्र माणूस लागतो. लाइट येतानाही तीच अदलाबदल उलट्या दिशेने. सगळेच दोन तोंडांचे असे करतात असं मी म्हणणार नाही. महागड्यात ही अदलाबदल कदाचित गुपचूप होत असेल. पण दुकानात ते तपासायचं तर दुकानाची लाइट घालवावी लागेल.

पुढच्या आठवड्यात जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चक्कर मारली आणि ७०० रुपयांना एका तोंडाचा घेतला. बोटभर लांब विणलेली वायर, एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला भोक. चार्जिंगचं काय, ही धाकधूक होतीच. मग एका शनिवारी रात्री घरीच रंगीत तालीम केली. फोन शंभर टक्के भरला, विमान मोडवर टाकला, स्क्रीन बंद, गाणी आधीच उतरवून ठेवलेली. रात्री नऊला लावलं आणि झोपलो. पहाटे पाचला बघितलं तर ६८ टक्के! ५००० एमएएचच्या बॅटरीला एका रात्रीची गाणी म्हणजे चहाबरोबरची खारी. ज्या चार्जिंगच्या तोंडासाठी मी अडून बसलो होतो, ते मला कधी लागणारच नव्हतं. फोन घेताना बॅटरी बघितली होती की, पण त्याचा विचार कुठे केला?

विमान मोडचा आणखी एक फायदा म्हणजे ऐन फेरात कुणाच्या सासऱ्याचा फोन ॲम्प्लिफायरवरून वाजत नाही. हे अनुभवाचे बोल आहेत, तपशील विचारू नका.

एका तोंडाच्यातही खोडी आहेत, त्या लपवत नाही. माझ्या फोनमध्ये ओटीजी नावाचं एक बटण सेटिंगमध्ये आहे. ते चालू केल्याशिवाय चिपवाला तुकडा फोनला दिसतच नाही. वर दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते बटण आपोआप बंद होतं. रेल्वेत धरणगावला हेडफोन काढला आणि पाळधीला परत लावला, की पुन्हा सेटिंगमध्ये जा. बॅटरी वाचावी म्हणून कंपनीने हे केलंय म्हणे. वैताग आहे, पण तो एकट्याचा वैताग. अंगणभर बाया बघत नसतात. मी त्या बटणाचं चित्र वरून ओढायच्या पडद्यावर आणून ठेवलंय, त्यामुळे काम एका बोटावर आलं. दोन तोंडांच्यालाही हे बटण लागतंच, म्हणून तराजूत इकडेतिकडे काही होत नाही.

दुसरी खोडी आवाजाच्या उंचीची. काही चिपवाल्यांच्या आत स्वतःचा वेगळा व्हॉल्यूम असतो. ॲपलचा छोटा तुकडा चांगला म्हणून नावाजलेला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज दबका येतो, तो यामुळेच. फोन तो आतला व्हॉल्यूम पूर्ण वर नेत नाही. आयफोन १५ पासून त्यांच्याही फोनला टाइप-सी आलं, तिथे ही अडचण नाही. अँड्रॉइडवाल्याने घ्यायच्या आधी स्वतःच्या फोनवर लावून ऐकावा.

डब्यावरच्या आकड्यांना मी भुललो नाही, तुम्हीही भुलू नका. ३८४ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ३८४ हजार नमुने, असलं काही छापलेलं असतं. अँड्रॉइड साधारणपणे फोनमधले सगळे आवाज एकत्र कालवून ४८ किलोहर्ट्झने पुढे पाठवतो. अँड्रॉइड १४ पासून ॲपने मागितलं तर गाणं जसंच्या तसं पाठवायची सोय झालीय, ती खरी शौकिनांसाठी. माझी निम्मी गाणी व्हॉट्सॲपवरून आलेली आहेत. त्यांना ३८४ काय आणि ४८ काय.

ब्लूटूथचं काय, हे मेहुण्याचं नेहमीचं पालुपद. ॲम्प्लिफायरला छोटा रिसीव्हर लावायचा, फोन खुशाल चार्जिंगला. पर्याय बरा आहे, नाकारत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मी स्वतः वापरलाय. पण फोन खिशात घालून मी पाण्याचा जार आणायला गल्लीच्या टोकाला गेलो, की गाणं तुकड्यातुकड्यात येतं. रिसीव्हरची बॅटरी हा आणखी एक जीव सांभाळायचा. वायर असली की फोन ॲम्प्लिफायरपाशी बांधलेला राहतो, आणि त्यामुळे मीही.

मेहुणा यावरही म्हणेल, दोन तोंडांच्याला चार्जरऐवजी पॉवरबँक लाव. बरोबर आहे. लावून बघितली. लाइट गेल्याचं त्या तुकड्याला कळतच नाही, गाणं थांबत नाही. ‘घूं’ही गेला, कारण पॉवरबँकेची गाठ भिंतीतल्या विजेशी नसते. पण मग फोन, तुकडा, दोन वायरी आणि वर पॉवरबँक, एवढं लटांबर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवायचं आणि फेरातल्या कुणाचा पदर त्यात अडकू नये म्हणून पहारा द्यायचा. तुमच्या फोनची बॅटरी थकलेली असेल, तर मात्र हाच मार्ग धरा.

पिकअप किंवा रिक्षा चालवणाऱ्यालाही मी दोन तोंडांचाच घे म्हणेन. त्याला दिवसभर नकाशा चालू ठेवायचा असतो, वर गाणीही हवीत, आणि इंजिन बंद-चालू करताना गाणं थांबलं तर हात तिथेच असतो. रोज चार्जिंगवर जगणाऱ्या फोनला माझी ६८ टक्क्यांची गोष्ट लागू नाही.

कुठलाही घ्या, ॲम्प्लिफायरला जोडताना माइकच्या भोकात खुपसू नका. तिथे फोनचा आवाज फाटतो. मागे ऑक्सची लाल-पांढरी भोकं असतात, त्यांना तशीच लाल-पांढऱ्या पिनांची वायर लावा. फोनचा आवाज पाऊण आणि ॲम्प्लिफायरचा लागेल तेवढा, हे मला मानवलेलं माप.

आणि फोनचं भोक साफ ठेवा. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत खिशात तूस जमतं, ते भोकात दाबलं जातं आणि मग कुठलाच तुकडा नीट बसत नाही. माणूस तुकड्याला शिव्या देतो. फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच उकरलं, तर वातीएवढा कापूस निघतो. मी एकदा नवा तुकडा बदलून आणायला निघालो होतो, स्टेशनवर काडी फिरवली आणि तिथूनच परत फिरलो.

या वर्षी कानबाईला एका तोंडाचाच होता. लाइट तीनदा गेली. ॲम्प्लिफायर बॅटरीवर गेला, फेर चालूच. पहाटे मोठ्या मायने चहा पाठवला. दिव्याच्या उजेडात फोन बघितला, ७१ टक्के. तसलाच दुसरा तुकडा आणून ॲम्प्लिफायरच्या मुठीला दोऱ्याने बांधून ठेवलाय. असल्या बोटभर वस्तू आमच्या घरात हरवल्या, की थेट कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या पिठाच्या डब्यात सापडतात.