एलएक्सएमएल: केएमएल फाइलमध्ये तुकडे जोडण्यासाठी काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सांगलीत बसून तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांचे प्लॉट-नकाशे करणं हे माझं रोजचं काम. बागेचा मुख्य नकाशा केएमएल फाइलमध्ये (नकाशासाठीच्या एक्सएमएल फाइलमध्ये) असतो. शेतावरून मोबाइलवर आखलेली हद्द, फवारणीच्या ट्रॅक्टरची फेरी, नवीन बोअरची जागा हे सगळं एक्सएमएलच्या, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेल्या माहितीच्या, तुकड्यांत येतं आणि पायथनमधून त्या फाइलमध्ये जोडायचं असतं. ऑक्टोबर छाटणीपासून हे काम एलएक्सएमएल या पायथनच्या एक्सएमएल लायब्ररीवर चालू आहे.

त्याआधी पायथनसोबतच येणारी एलिमेंटट्री ही लायब्ररी वापरायचो. तिच्यात फाइल नुसती उघडून परत सेव्ह केली तरी प्रत्येक टॅगच्या नावाआधी 'एनएस०' असा प्रीफिक्स (नावाआधीचं छोटं नाव) लागतो. नियमाने फाइल बरोबरच असते, पण शेतकऱ्यांच्या फोनमधली काही साधी अ‍ॅप्स ती उघडत नाहीत. रजिस्टर-नेमस्पेस हे फंक्शन वापरून हे टाळता येतं, मात्र फाइलमधलं प्रत्येक नेमस्पेस (टॅग कोणत्या संचातला हे सांगणारा पत्ता) आधी माहीत असावं लागतं. एलएक्सएमएल मूळचे प्रीफिक्स जसेच्या तसे ठेवतं. एवढ्यासाठीसुद्धा बदल करावा, असं माझं मत आहे.

प्रीफिक्सला स्वतःची किंमत नसते, हे आधी पक्कं डोक्यात बसवावं. एकाच रानाला घरात 'मळा' म्हणतात, भावकीत 'विहिरीकडचं' म्हणतात, पण सातबाऱ्यावर गट नंबर एकच. प्रीफिक्स म्हणजे घरातलं नाव, आणि नेमस्पेसचा पूर्ण पत्ता म्हणजे गट नंबर. लायब्ररी फक्त गट नंबर बघते.

सगळ्यात फसवी जागा इथेच आहे. केएमएलच्या मुळाशी डिफॉल्ट नेमस्पेस असतं, म्हणून टॅगना प्रीफिक्स नसतो. अशा झाडात (मेमरीतल्या टॅगच्या रचनेत) सबएलिमेंट या फंक्शनने नुसतं 'प्लेसमार्क' (केएमएलमधला जागेचा टॅग) असं नाव देऊन नवा प्लॉट जोडला, तर मेमरीत तो बिननेमस्पेसचा राहतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये असं केलं तर आउटपुटमध्ये रिकामं एक्सएमएलएनएस (नेमस्पेसची घोषणा) छापलं जातं, निदान डोळ्याला दिसतं तरी. एलएक्सएमएल तसं काहीच छापत नाही. सेव्ह केलेली फाइल निर्दोष दिसते, परत उघडली की प्लॉट सापडतोही. पण त्याच रनमध्ये एक्सपाथने (टॅग शोधण्याच्या भाषेने) प्लॉट गोळा करून एकर मोजले, की नवा प्लॉट गायब आणि बेरीज कमी. याउलट प्रीफिक्स न देता शोधलं, तर फक्त नवाच प्लॉट हाती लागतो. प्रोग्राम एका शब्दाने तक्रार करत नाही. म्हणून नाव देताना महिरपी कंसात नेमस्पेसचा पत्ता आणि त्याला चिकटून टॅगचं नाव, असं पूर्णच लिहायचं. शोधतानाही डिफॉल्ट नेमस्पेसला आपल्या मनाचा एखादा प्रीफिक्स द्यावाच लागतो, कारण एक्सपाथला रिकामा प्रीफिक्स चालत नाही.

दुसरा त्रास तयार मजकुराच्या तुकड्यांचा. फवारणीच्या फेरीचा तुकडा 'जीएक्स:ट्रॅक' असा येतो, पण जीएक्स (गूगलने केएमएलला जोडलेल्या जादा टॅगचा प्रीफिक्स) म्हणजे कोण हे त्यात लिहिलेलं नसतं. फ्रॉमस्ट्रिंग या मजकूर वाचणाऱ्या फंक्शनला दिला की प्रीफिक्स डिफाइन केलेला नाही म्हणून एरर. स्ट्रिंग रिप्लेस करून प्रीफिक्स उडवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो अजिबात ऐकू नका. प्रीफिक्स उडवला की जीएक्सचा ट्रॅक केएमएलचा ट्रॅक होतो, आणि केएमएल २.२ मध्ये तसा टॅगच नाही. त्यापेक्षा तुकड्याभोवती एक तात्पुरता टॅग गुंडाळा, त्यावर केएमएल आणि जीएक्स दोन्ही नेमस्पेस जाहीर करा, सगळं एकदम पार्स करा (वाचून झाडात बदला) आणि आतली मुलं मुख्य झाडात अपेंड करा. अपेंड म्हणजे इथे कॉपी नव्हे, टॅग जुन्या जागेवरून उठून नव्या जागी जातो. त्यामुळे मुलांची आधी लिस्ट करून मगच लूप फिरवा.

अपेंड झाल्यावर मूळ टॅगवर जीएक्स जाहीर नसेल, तर ती घोषणा प्रत्येक ट्रॅकवर वेगळी चिकटते. चूक नाही, पण फाइल उगाच फुगते. एनएसमॅप (टॅगवरची प्रीफिक्स आणि पत्त्यांची यादी) नंतर बदलता येत नाही, म्हणून पूर्वी नवा मूळ टॅग बनवून सगळं त्यात हलवावं लागायचं. आवृत्ती ३.५ पासून क्लीनअप-नेमस्पेसेस या फंक्शनला टॉप-एनएसमॅप (मूळ टॅगसाठीची यादी) देता येतो आणि सगळ्या घोषणा मुळाशी जातात. फार कामाची सोय आहे. फक्त न वापरलेल्या घोषणा ती काढून टाकते, आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीत लिहिलेला प्रीफिक्स तिला वापर वाटत नाही. असा प्रीफिक्स असेल तर कीप-एनएस-प्रीफिक्सेसमध्ये त्याचं नाव घाला.

जुन्या फाइलींपुढे मात्र एलएक्सएमएलचाही इलाज नाही. केएमएल २००८ मध्ये ओजीसी या नकाशांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं, त्याआधीच्या फाइलींत गूगल अर्थचा पत्ता असतो. टॅग तेच, दिसायला तसेच, पण गट नंबर वेगळा, त्यामुळे शोध रिकामा येतो. अशी फाइल आली की आधी सगळ्या टॅगचा पत्ता नव्याने बदलून घेतो आणि मगच तुकडे जोडतो. रोज दुसऱ्यांच्या एक्सएमएलमध्ये भर घालणाऱ्याने एलएक्सएमएल डोळे झाकून घ्यावं. बीएसडी परवान्याखाली फुकट आहे, पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) बसतं. वर्षातून एखादी छोटी फाइल वाचायची असेल तर एलिमेंटट्री पुरेशी आहे.