गॅरेजच्या दाराची वार्षिक देखभाल : सेवेचा अनुभव
आमच्या गॅरेजच्या वर सरकणाऱ्या दाराची देखभाल यंदा प्रथमच जाणकार तंत्रज्ञाकडून करून घेतली आणि एक बाब वगळता काम चोख झाले. त्याने आधी दार मोटरपासून सोडवले, हाताने अर्ध्यावर उचलून धरले आणि हात काढताच ते जागीच न थांबता हळूहळू खाली येऊ लागल्यावर दाराचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचा ताण कमी झाल्याचे दाखवून दिले. अशा अनेक स्प्रिंगांचे आयुष्य साधारण १०,००० उघडझापांचे धरलेले असते. ताणलेली स्प्रिंग निसटली तर गंभीर इजा होते, म्हणून तिला घरी हात लावू नका, असे त्याने निक्षून सांगितले, याचे मला विशेष कौतुक वाटते. बिजागऱ्या आणि रोलर यांना वंगण दिले, रूळ मात्र नुसते पुसले. मग अडथळा लागल्यावर दार मागे फिरते का, हे पाहण्यासाठी दाराखाली सुमारे ४ सेंटिमीटर जाडीची फळी आडवी ठेवली. तिला टेकताच दार पुन्हा वर गेले. दाराच्या वाटेत कोणी आल्यास ते ओळखणाऱ्या, जमिनीलगतच्या सेन्सरच्या काचेवरील कोळ्याचे जाळे मात्र मलाच दाखवून द्यावे लागले. घरात लहान मुले असल्यामुळे ही हयगय मला खटकली.