जुन्या अँबेसेडरचा ऑइल फिल्टर: एलिमेंटचा डबाच ठेवायचा की आट्यांचा फिल्टर बसवायचा?

फिल्टर घ्यायला निघण्याआधी बोनेट उघडा. फिल्टर इंजिनाप्रमाणे घ्यायचा असतो, आरसी बुकावरच्या वर्षाप्रमाणे नाही. अँबेसेडर २०१४ पर्यंत निघत होती आणि तेवढ्या काळात तिच्यात इंजिनंही बदलत गेली. नव्वदीनंतरचं १८१७ सीसीचं इसुझू असेल तर प्रश्नच नाही, आट्यांचा, म्हणजे एकसंध आणि फिरवून बसवायचा, फिल्टर काढायचा आणि तसाच नवा फिरवायचा. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत मधल्या काळात कोणीतरी डिझेल इंजिन टाकलेलं असतं. तिथे जुना फिल्टर पिशवीत घालून दुकानात न्यावा हेच बरं. खरा पेच आहे तो १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा. त्याला लोखंडी डबा, आत कागदी एलिमेंट, म्हणजे ऑइल गाळणारा बदलायचा भाग, आणि मधून आरपार एक लांब बोल्ट असतो.

हा डबा तोंड वर, बूड खाली असा लोंबत असेल तर त्याचा एक गुण आहे. गाडी महिना-दीड महिना उभी राहिली तरी त्यातलं ऑइल बरंचसं तिथेच राहतं. लग्नसराई, पोळा, दिवाळी एवढ्यापुरतीच निघणाऱ्या गाडीला याचं मोल फार. स्टार्टर मारला की ऑइलचा दिवा लवकर विझतो, बेअरिंगं कोरडी घासत नाहीत. शिवाय कंपनीने दिलेली रचना तशीच राहते. पुढेमागे गाडी शौकिनाला विकायची असेल तर तो बोनेटखाली आधी हेच बघेल.

त्रास आहे तो बदलताना. डबा वरच्या हेडला, म्हणजे फिल्टर धरणाऱ्या इंजिनावरच्या भागाला, टेकतो तिथल्या खाचेत रबर रिंग असते. वर्षानुवर्षं तापून ती चपटी, काळी आणि कडक होते, इतकी की हेडचाच भाग वाटते. मिस्त्री घाईत असला तर तिच्यावरच नवी रिंग ठेवून डबा आवळतो. दोन रिंगा एकमेकींवर बसत नाहीत. इंजिन चालू झालं की ऑइल चिळकांडीसारखं बाहेर येतं आणि बघता बघता चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, रिकामा होतो. पोती शिवायचं दाभण घ्यायचं, खाचेत गोल फिरवत जुनी रिंग तुकड्यातुकड्याने उकरायची, खाच पुसून बोटाने चाचपायची, मगच नवी बसवायची. डब्याच्या तळाशी स्प्रिंग, वॉशर, नमद्याचा वॉशर आणि पत्र्याची चकती असते. काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नमद्याचा वॉशर बोल्टवर घट्ट बसायला हवा. तो ढिला असला तर ऑइल एलिमेंटला वळसा घालून न गाळता पुढे जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आता डब्याच्या जागी अडॅप्टर, म्हणजे जोडतुकडा, लावून आट्यांचा फिल्टर. सोय वादातीत आहे. हात कमी बरबटतात, रिंग उकरणं नाही, आणि तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला ते काम येतं. रबराला ऑइलचं बोट लावायचं, टेकेपर्यंत हाताने फिरवायचा, मग आणखी पाऊण फेरा. पण फिल्टर निवडण्याची जबाबदारी इथे तुमच्यावर येते.

पहिली गोष्ट आट्यांची. बरेच फिल्टर पाऊण इंची, इंचाला सोळा आट्यांचे असतात. बरेच एम-२०, म्हणजे वीस मिलिमीटरचे, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेले. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यामुळे वीसचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो, आणि रबर टेकल्यावर आवळल्यासारखाही वाटतो. आटे मात्र पुरते धरलेले नसतात. थंड इंजिनात जाड ऑइलचा दाब आला की तो निसटू शकतो. रबर टेकण्याआधी हलवून बघा. डुगडुगला तर परत द्या.

दुसरं, बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला तर निदान न गाळलेलं ऑइल तरी बेअरिंगपर्यंत पोचावं म्हणून तो असतो. अडॅप्टर लावताना जुनं हेड निघालं आणि बायपास त्याच्यातच होता, तर नव्या फिल्टरच्या पोटात तो असलाच पाहिजे. तिसरं, फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ऑइल परत जाऊ न देणारी रबराची झडप हवी, शक्यतो सिलिकॉनची. साधं रबर उष्णतेने कडक होतं, आणि पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात बोनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. लेथवर करून घेतलेला अडॅप्टर असेल तर फेस सपाट आहे का हे काचेच्या तुकड्यावर ठेवून तपासा.

फिल्टर किती बारीक कण अडवतो ते सांगणाऱ्या मायक्रॉनच्या आकड्यांमागे फारसं लागू नये. कापसाच्या हंगामातली धूळ इंजिनात शिरते ती मुख्यतः एअर क्लीनरमधून. तो नीट नसेल तर ऑइल फिल्टर किती पुरा पडणार?

माझं मत विचाराल तर, गाडी कमी फिरते आणि रिंगचं काम तुम्ही स्वतः करता किंवा समोर उभं राहून करून घेता, तर डबाच ठेवा. गाडी रोज यवतमाळ-दारव्हा करते, दर वेळी मिस्त्री वेगळा, तर अडॅप्टर परवडेल. खर्च एकदाच आहे. सुटं, बिननावाचं एलिमेंट मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. कागदाच्या घड्या विरळ, टोकाची चकती अर्धवट चिकटवलेली, उंची दोन-चार मिलिमीटर कमी, म्हणजे स्प्रिंग दाबणार कशाला? जुनं एलिमेंट रॉकेलमध्ये धुऊन परत टाकणं तर त्याहून वाईट, ओला कागद फाटतो.

अकोला-अमरावतीला जाणं होईल तेव्हा एलिमेंट दोन घ्या, गावाकडे ऐनवेळी मिळत नाहीत. खोकं काउंटरवरच उघडा. जुन्या एलिमेंटशी उंची आणि मधलं भोक ताडून बघा, आणि आत रबर रिंग नसेल तर ती वेगळी मागून घ्या.